जहाजावर कळवायचं नाही

आमच्या सोसायटीत कुणाचंही नेट बंद पडलं, की बेल माझ्या दाराची वाजते. टीव्ही कुठला घ्यावा, डिश काढून फायबर घ्यावं का, अमेरिकेतल्या मुलाशी बोलायला कुठलं ॲप बरं, सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. मी यातल्या कुठल्याही कंपनीत कामाला नाही. आठवड्यातून दोनतीनदा बेलापूरच्या ऑफिसला जाते, बाकीचं काम घरून करते, आणि उरलेल्या वेळात लोकांना सल्ले देते. न मागताही देते. माझा नवरा म्हणतो, तुला गप्प बसायचे पैसे दिले तरी तू ते परत करशील.

सल्ले मात्र माझे पक्के असतात. जाहिरात बघून फायबर घेऊ नका. आपल्या विंगमध्ये कुणाची वायर आलीय आणि ती तुटली की माणूस कधी उगवतो, ते आधी शेजारी विचारा. राउटर शोकेसमध्ये गणपतीच्या मागे कोंबू नका, तो काही नजर लागण्यासारखा दागिना नाही. त्याला एक छोटा बॅकअप लावा, म्हणजे लाइट गेली तरी नेट राहतं. भारीतला टीव्ही घेऊन त्यातल्याच ॲपवर विसंबू नका, ती लवकर मंद होतात. साधा टीव्ही घ्या आणि मागे वेगळी स्टिक लावा. ओटीटी एका वेळी एकच घ्या, कंटाळा आला की ते बंद करून दुसरं. आणि नेटवरून फोन करताना व्हिडिओचा हट्ट सोडा. आवाज चांगला आला की माणूस भेटल्यासारखंच असतं.

तळमजल्यावर राहणाऱ्या, मूळच्या करावे गावातल्या काकूंना मी अशीच एक स्टिक घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या. "तू सांगितलास तो डबा चांगला हाय गं," त्या म्हणाल्या, "पन चालू कसा करायचा, ते कोन सांगनार?" मग मी खाली जाऊन तासभर त्यांना रिमोट शिकवत बसले. बसले म्हणजे उभीच होते. मला कुठे फार वेळ बसवत नाही.

हे वेड मला नवऱ्यामुळे लागलं. तो मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. सीवूड्स-नेरूळच्या पट्ट्यात अशी घरं पुष्कळ, प्रत्येक इमारतीत एखादी तरी बाई नवऱ्याच्या घड्याळाचं गणित डोक्यात घेऊन भाजी निवडत असते. आमचं लग्न झालं तेव्हा जहाज बंदराजवळ आलं तरच फोन यायचा, आणि यायचा तोही नेमका मी आंघोळीला गेले की. आता जहाजावर सॅटेलाइटचं नेट आलंय. पण तेही मोजूनमापून मिळतं, आणि समुद्राच्या मनात असेल तेव्हाच चालतं. त्यामुळे कमीत कमी नेटमध्ये जास्तीत जास्त माणूस कसा घरी आणायचा, याचा मी ध्यास घेतला. नाना ॲप लावली, काढली, पुन्हा लावली. सकाळी उठल्यावर तोंड धुवायच्या आधी मी राउटरचा दिवा बघते. तो हिरवा असला की मग मला चहा सुचतो.

घरात आम्ही दोघंच, मी आणि सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. बाबांनी सगळा जन्म तुर्भ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून काढला. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय त्यांना कायमची लागली होती. ते घरात साधं "पोरी, चहा टाक" म्हणाले तरी समोरच्या विंगमधल्या लोकांना आमच्याकडे चहा होतोय हे कळायचं. मला आधी त्याचा राग यायचा. मग मी त्या आवाजावर घर चालवायला लागले. तो आला की घरात सगळं ठीक आहे असं समजायचं.

एवढा मोठा आवाज असूनही मुलाशी बोलायला त्यांच्याकडे काही नसायचं. फोन आला की, "जेवलास?" "जेवलो. तुमी?" "जेवलो. तब्येत?" "बरी." मग दोघंही माझं नाव घेऊन फोन माझ्या हातात देऊन मोकळे व्हायचे. मी मध्ये उभी. मला चीड यायची. इतक्या खटपटी करून मी यांच्यासाठी चांगलं नेट आणलं ते "जेवलास, जेवलो" करायला?

मग मी माझा आयुष्यातला सगळ्यात यशस्वी सल्ला दिला. ओटीटीवर एक मराठी मालिका आली होती, खानावळ चालवणाऱ्या बाईची, भलती लांबलचक. बाबांच्या नावाचा वेगळा कोपरा, म्हणजे प्रोफाइल, मी त्या ॲपमध्ये करून दिला आणि त्यांना ती लावून दिली. नवऱ्याला म्हटलं, बंदरात नेट चांगलं मिळेल तिथे सगळे भाग उतरवून घे आणि तूही बघ. खातं आमचं एकच. त्यामुळे जहाजावरून व्हिडिओ चालला नाही तरी ॲप उघडून बाबा कुठल्या भागापर्यंत आलेत आणि तो किती बघून झाला याची भागाखालची रेघ, एवढं त्याला दिसायचं. बघता बघता दोघांना विषय मिळाला. बाबा नेहमी त्या मालिकेतल्या दुष्ट दिराची बाजू घ्यायचे, आणि नवरा खवळायचा.

"बाबा, त्याने खानावळ बळकावली, कळतंय का तुमाला?"

"अरे बळकावली म्हणजे काय, जागा त्याच्या बापाची हाय ना? आँ?"

समोरची विंग ऐकायची. मी स्वयंपाकघरात उभी राहून हसायचे. बाबा रोज दुपारी जेवून एक भाग लावायचे, आणि शेवट यायच्या आत खुर्चीतच घोरायला लागायचे. मग मी टीव्ही बंद करायचे. उरलेला तुकडा बघायचं त्यांना कधी सुचायचं नाही, दुसऱ्या दिवशी ते थेट पुढचा भाग लावायचे.

अशाच एका दुपारी बाबा झोपायच्या आत मी कॉफी घेऊन गेले. त्यांनी कप घ्यायला हात पुढे केला आणि तो वाटेतच खाली आला. ते काहीतरी बोलले. आवाज मोठाच होता, पण शब्द नव्हते. मी "काय? काय म्हणालात?" करत राहिले, आणि त्यांच्या तोंडाची एक बाजू उतरलेली दिसली तशी शेजारच्या घराचं दार बडवलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही नेरूळच्या हॉस्पिटलात पोचलो. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. जिवाचा धोका टळला. हात हळूहळू येईल. बोलण्याचं मात्र सांगता येत नाही.

नणंद, म्हणजे ताई, पुण्याहून संध्याकाळपर्यंत आल्या. मी मोबाइल हातात घेऊनच उभी होते. त्या आधी बाबांना बघून आल्या आणि मग त्यांनी माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं.

"वहिनी, त्याला सांगितलं नाहीस ना?"

"नाही अजून."

"सांगूच नकोस. जहाजावर कुणी असलं कळवतं काय?"

हा नियम मला ठाऊक होता. जहाजवाल्यांच्या सगळ्याच घरांत तो असतो. माणूस बोटीवर असताना आजारपण, मरण, असलं काही कळवायचं नाही. तिथून त्याला लगेच येता येत नाही, नुसता जीव जळतो. मशीनजवळ काम करणाऱ्याचं लक्ष उडालं तर काय होईल, याची एकेक गोष्ट प्रत्येक घरात ऐकलेली असते. तो उतरून घरी आला, पाय धुऊन बसला, की मग सांगायचं. माझ्या मैत्रिणीच्या सासूबाई गेल्या तेव्हा तिने कितीतरी दिवस नवऱ्याला "आई देवळात गेल्यात" असं सांगितलं होतं. तेव्हा मीच तिला शाबासकी दिली होती. मी ताईंना म्हटलं, नाही कळवणार.

नुसत्या फोनचे दिवस असते तर हे सोपं गेलं असतं. पण घरातलं सगळं आता जहाजावर दिसत होतं, आणि ती सोय मीच करून ठेवली होती. त्याचा निरोप आला की मी "बाबा झोपलेत", "बाबा खाली बाकावर बसलेत" अशी उत्तरं पाठवायचे. मग एक दिवस त्याने विचारलं, "बाबा मालिकेत पुढे सरकत का नाहीयेत?"

मी हॉस्पिटलातून आंघोळीपुरती घरी आले होते. ओले केस तसेच ठेवून मी हॉलमध्ये आले, बाबांचा कोपरा उघडला आणि मालिका लावली. समोर रिकामी खुर्ची. आवाज बंद केला, आणि भाग चालू ठेवून डबा भरायला लागले. तो संपला, पुढचा आपोआप सुरू झाला. मग रोजचं ते होऊन बसलं. घरी आलं की आधी मालिका लावायची, मग कपडे मशीनला टाकायचे. पडद्यावर ती खानावळवाली बाई तोंड हलवतेय, आणि मी घरभर फिरतेय. मला स्वतःची शिसारी यायची, आणि तरी मी रिमोट दाबायचे.

त्याचे प्रश्न वाढले. "बाबांना दिराचं नवीन लफडं कळलं का? काय म्हणाले?" आता मला ती मालिका खरंच बघावी लागली, म्हणजे मोबाइलवर, हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून. मग मी लिहायचे, "बाबा म्हणतात, दीर चुकलाच." त्यावर तो काही लिहायचा नाही. मला वाटायचं, पटलं.

बाबा घरी आले. हातात थोडी पकड आली, काठी घेऊन ते हॉलपर्यंत चालायला लागले. बोलणं मात्र त्यांनी टाकलं. शब्द अगदीच येत नव्हते असं नाही. वाकडेतिकडे, तुटक का होईना येत होते. पण स्वतःच्या तोंडून तसा आवाज ऐकला की ते दचकायचे आणि गप्प व्हायचे. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचं सोंग घ्यायचे. माझ्याशी तर नुसतं बोट. बोट वर गेलं की मी म्हणायचे, "पंखा?" बोट टेबलाकडे गेलं की, "पाणी?" माझा वेग असा की त्यांना तोंड उघडायची गरजच पडायची नाही. घर इतकं शांत झालं, की समोरच्या विंगमधली एक बाई विचारायला आली, तुम्ही बाबांना पुण्याला ठेवलंय का?

बोलायचा सराव घ्यायला एक मुलगी घरी येत होती. एका दुपारी ती बाबांपुढे चित्रं मांडून बसली, आणि बाबांनी डाव्या हाताने ती सगळी खाली सारली. जाताना ती दारात थांबली. "वहिनी, हेच दिवस महत्त्वाचे असतात," ती म्हणाली. "आत्ता नाही बोलले, तर नंतर फार कठीण जाईल. मी आठवड्यातून एकदोनदा येणार, तेवढ्याने काय होतंय? त्यांना खूप बोलावंसं वाटेल असं कोणी नाहीये का घरात?"

होतं की. घरात नव्हतं एवढंच.

मी ताईंना फोन लावला. त्या चिडल्या. "तो परत यायला कितीसे दिवस उरलेत? तोवर कळ काढ ना. तिकडे त्याचं काही बरंवाईट झालं तर तू जबाबदार." मी म्हटलं, इकडे बाबा मुके झाले तर कोण जबाबदार? त्या रडायला लागल्या. मला त्यांना समजवायचं होतं, पण पायांना थारा नव्हता. मी हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात अशी फिरत होते. शेवटी फोन ठेवला, कुकरच्या शिट्टीकडे पाठ केली आणि त्याला आवाजाचा निरोप पाठवला. काय झालं, केव्हा झालं, आता कसे आहेत, सगळं सांगितलं. मालिकेचंही सांगितलं. शेवटी म्हटलं, मशीनजवळ असशील तर आधी बाजूला जा आणि मग ऐक. हे वाक्य खरं तर सुरुवातीला यायला हवं होतं, हे पाठवून झाल्यावर लक्षात आलं.

एकच खूण आली. म्हणजे निरोप इथून निघाला, तिथे पोचला नाही. मी राउटर बघितला, हिरवा. मोबाइलचं नेट लावून बघितलं, काढलं. कुकर उतरवला. बाबांना भात भरवला. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. जेवणं झाली, भांडी घासून झाली, ओटा पुसलेला पुन्हा पुसला. दुसरी खूण यायला दुपार उलटून गेली. मग दोन्ही निळ्या झाल्या. त्यानंतर बराच वेळ काही नाही. मग त्याचा आवाज आला, मागे इंजिनाची घरघर.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "बाबांनी आजवर एक तरी भाग शेवटपर्यंत बघितलाय का? त्यांची रेघ नेहमी थोडी अलीकडे अडकलेली असते. आणि अचानक सगळ्या रेघा पूर्ण, दिवसाला तीन-तीन. वर तू लिहितेस, बाबा म्हणतात दीर चुकला. बाबा असं मेले तरी म्हणणार नाहीत."  मग म्हणाला, "मला वाटलं, बाबा गेले. जहाजावर कळवत नाहीत, ते मलापण माहितीये ना. मी रोज तुला विचारत होतो की आज काय म्हणाले, आणि तू रोज काहीतरी लिहायचीस. मी ते वाचून कामाला जायचो."

मी खाली बसले, ओट्याला टेकून, फरशीवर. इतके दिवस मी त्याला वाचवतेय असं समजत होते. आणि तो तिकडे, दोन ड्युट्यांच्या मध्ये, कुणालाही न सांगता बापाचं सुतक पाळत होता. मला लाज वाटली आणि रागही आला, त्याचा, माझा, ताईंचा, त्या नियमाचा. मी मोकळेपणाने रडले. बाबा काठी टेकत दारापर्यंत आले आणि भुवया वर करून उभे राहिले. मी सांगितलं, "त्याला सांगितलं, बाबा." त्यांनी मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची ड्युटी संपल्यावर फोन आला. नुसता आवाज, व्हिडिओ नाही. बाबांनी तोंडावर हात धरला आणि मान जोरजोरात हलवली. नको. मी मोबाइल स्पीकरवर टाकून त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला.

"बाबा," तिकडून आवाज आला.

बाबांनी तोंडावरचा हात काढला नाही.

"बाबा, तो तुमचा दीर शेवटी जेलात गेला. बरं झालं. नालायक माणूस."

बाबांच्या घशातून एक आवाज आला.

"काय? ऐकू नाही आलं."

"त्या... ज... जा..." बाबांचं तोंड वेडंवाकडं झालं. कपाळावर घाम आला.

"काय म्हणताय? परत सांगा."

मला ते बघवेना. काय म्हणायचंय ते मला स्वच्छ कळत होतं. मी पुढे वाकले, "अरे, ते म्हणतायत की जागा..."

"तू नको सांगूस," तो म्हणाला. इतक्या दुरून, त्या घरघरीतून, एवढा कडक. "त्यांना बोलू दे. बाबा, परत सांगा. मला ऐकू येत नाहीये."

मी माझा हात माझ्याच हातात घट्ट धरला आणि समोरच्या सोफ्यावर बसले. बाबांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकले. तिकडून पुन्हा, "परत." पुन्हा अडकले. पुन्हा, "परत सांगा, बाबा, मोठ्याने." बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी चांगल्या हाताने खुर्चीवर थाप मारली, मोबाइल खाली पडता पडता राहिला.

"ब... बहिरा..." ते ओरडले, "बहिरा झालास... काय रे?"

समोरच्या विंगमध्ये कुणीतरी खिडकी उघडली. फोनमधून नुसती इंजिनाची घरघर येत होती. मला वाटलं, इकडचा आवाज त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. मी उठणारच होते.

"नाही बाबा," तो म्हणाला. "आता आलं ऐकू."